गडवातली हवा

३ डिसेंबर, मंगळवार. नांदेड

श्वास रोखता आला नाही म्हणून आज एक बाटली वाया गेली. श्वास माझा, बाटली ज्योत्स्नाची.

अहमदपूरच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत, एक उघडा माळ आहे. पुण्याहून पंधरवड्याला ती तिथं येते आणि हवा भरून नेते. जाड काचेची बाटली, आतली हवा आधीच काढून घेतलेली. वाऱ्याकडं तोंड करून उभं राहायचं, श्वास रोखायचा, हात उंच धरायचा, तोटी उघडायची, बंद करायची, आणि लांब जाऊन मग श्वास सोडायचा. मी बातमीसाठी गेलो होतो. फोटोपुरती बाटली हातात घेतली, तोटी उघडली, आणि खोकला आला.

"झालं," ती म्हणाली. "आता हिच्यात मराठवाड्याची हवा नाही. तुझा सकाळचा चहा आहे."

मी माफी मागितली.

"संस्कृतचा एम.ए. ना तू? पूरक येतो, रेचक येतो. मधला कुंभक तेवढा ऑप्शनला टाकला होतास वाटतं."

चाळीस वर्षांनी भेटलेल्या बाईनं असं बोलावं! बरं वाटलं.

आम्ही अहमदपूरच्या शाळेत एका वर्गात होतो. देगलूरकर गुरुजींच्या संस्कृतला दोघंच मन लावून बसायचो — मी आवडीनं, ती ईर्ष्येनं. दहावीला तिला संस्कृतमध्ये माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. मग तिनं संस्कृत सोडून दिलं आणि मी धरून बसलो. आता ती वातावरणशास्त्रज्ञ आहे. हवेत कुठला वायू किती साठला, पृथ्वी तापवणारा कुठला, ओझोन खाणारा कुठला, हे मोजते. मी दैनिकाचा वार्ताहर आहे आणि 'पाणीपुरवठा विस्कळीत' हे दोन शब्द बिनचूक संधी-समास सांभाळून लिहितो.

४ डिसेंबर

बातमी चार कॉलमची दिली होती. एका कॉलमात आली. वर तीन कॉलमांत मोकाट जनावरं बसली आहेत.

८ डिसेंबर, रविवार

ज्योत्स्ना चहाला आली होती. परत पुण्याला जायच्या आधी एक काम आहे म्हणाली.

"मला जुनी हवा पाहिजे."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "आमच्याकडं सगळं जुनंच आहे. काय नेता ते न्या."

मग तिनं नीट समजावलं. ते इथं उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या बातमीत चुका होणार नाहीत. फ्रीजमध्ये, फवाऱ्याच्या डब्यांत पूर्वी एक वायू भरायचे. जळत नाही, वास नाही, कशाशी भांडत नाही. असा गुणी वायू शोधल्याबद्दल जगाला केवढा आनंद झाला होता. तो गळून वर जात राहिला, आणि वरच्या उन्हात फुटून ओझोन खायला लागला. शिवाय उष्णता धरून ठेवतो, ती वेगळीच. मग जगानं एकत्र बसून तो बंद केला. तेव्हापासून अगदी सावकाश कमी होतोय. पण त्याचं मोजमाप सुरू झालं सत्तर सालानंतर. त्याआधी आपल्या मुलखातली हवा कुणी बाटलीत भरून ठेवली नाही.

"ध्रुवावरच्या बर्फात जुनी हवा सापडते," ती म्हणाली. "आपल्याकडं बर्फ गोळ्याच्या गाडीवर. मग मी विचार केला, आपल्या घरांत कायमचं बंद केलेलं, साल माहीत असलेलं काय असतं?"

गंगेचा गडू! काशीला गेलेला माणूस तांब्याच्या गडवात गंगा भरून आणतो. झाकणाला तिथंच कथलाचा डाग मारून तो पक्का बंद करतात. तो देवघरात वर्षानुवर्षं राहतो, आणि घरात कुणाची शेवटची वेळ आली की फोडतात. एक थेंब तोंडात. पण गडू काठोकाठ भरलेला नसतो. पाण्यावर थोडी हवा राहतेच. त्या सालची.

"कार्बन डायऑक्साइडचा भरवसा नाही, पाणी आणि तांबं मिळून त्याचं काय करतील सांगता येत नाही. पण फ्रीजच्या वायूला दोघंही हात लावत नाहीत. तो आहे तसा राहतो."

मी म्हणालो, वेदान्त्यांचं आवडतं उदाहरण आहे हे. घटाकाश. घट फुटला की आतलं आकाश बाहेरच्या आकाशात मिसळून जातं.

"मिसळू द्यायचं नाही," ती म्हणाली, "यासाठीच मला पगार देतात."

जुने गडू असतील त्यांनी कळवावं, अशी चौकट छापतो म्हणालो. आमच्या घरी एक आहे, हे मात्र बोललो नाही.

११ डिसेंबर

चौकट छापून आली. फोन येताहेत. भोकरहून एकजण ऐंशी सालची ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन कार्यालयात हजर. तेव्हापासून वाल्व उघडला नाही, शप्पथ. ज्योत्स्नाला फोनवर विचारलं. रबर झिरपतं म्हणाली. गृहस्थ नाराज झाला. "मंग तिला काय लोखंडाची हवा पाहिजे का?"

आणखी एकाला गडवाबद्दल शासनाकडून अनुदान किती, ते हवं होतं.

१२ डिसेंबर

ती विसरली नव्हती. आज फोनवर सरळ विचारलं, "तुमच्या देवघरात एक होता ना? मोठा?"

शाळा सुटल्यावर ती आमच्या ओट्यावर बसून माझ्याबरोबर अभ्यास करायची. ओट्यावरच. आत यायचं नाही, असा आमच्या आजीचा कायदा होता. मारोती मास्तरांची पोर असली तरी. दारातून समोर देवघर दिसायचं.

"आत यायची सोय नव्हती," ती म्हणाली, "म्हणून बघत बसायचे. सकाळी ऊन पडलं की चमकायचा."

आहे म्हणालो. एकसष्टचा आहे. पण मायला विचारावं लागेल.

मायला विचारणं अवघड का, ते आता लिहूनच टाकतो.

गडू आजोबांनी काशीहून आणला. घाटावर मिळतात तसा लहानसा नाही, चांगला तांब्याएवढा. आजोबांचं कुठलंच काम लहान नसे. बुडाला त्यांचं नाव आणि 'सं. २०१८' कोरलंय, म्हणजे विक्रम संवत, इंग्रजी एकसष्ट. आजोबा स्वतः शेतात उभ्याउभ्या गेले, आजी झोपेत. गडवाची वेळ आलीच नाही. ती आली अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळी, २०११च्या पौषात. अण्णा घरीच होते, आता काही तासच, असं डॉक्टर सांगून गेले होते. उमाआत्या, म्हणजे अण्णांची बहीण, लातूरहून आली होती. ती मायला म्हणाली, "धोंडे, गडू फोड." माय देवघरापुढं बसली होती, ती उठलीच नाही. आत्या परत म्हणाली. मग मी म्हणालो. मायनं आमच्याकडं पाहिलं, स्वैपाकघरात गेली, फुलपात्रात नळाचं पाणी घेतलं, त्यात तुळशीचं पान टाकलं, आणि तेच चमच्यानं अण्णांच्या तोंडात घातलं. अण्णा गेले. गडू जागच्या जागी.

तेराव्याला आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "सोतासाठी ठिवलाय तिनं."

माय गप्प बसली. मीही. आत्याचं मला पटलं होतं, अजून पटतं. त्यानंतर बहुतेक रविवारी मी एसटीनं अहमदपूरला जातो, औषधं नेतो, भाजी निवडत तिच्याजवळ बसतो. पण नवऱ्याला थेंब का दिला नाहीस, हे कधी विचारलं नाही. आता इतकी वर्षं झाली की न विचारण्याचीच सवय लागली आहे.

१५ डिसेंबर, रविवार. अहमदपूर

ज्योत्स्नाला घेऊन गेलो. माय दारातच गव्हातले खडे वेचत बसली होती. मान वर केली.

"कोन हाय ही?"

"मारोती मास्तरांची ज्योत्स्ना, काकू."

"अगं माय! लई वाळलीस गं. पुन्यात खायाला देत न्हाईत का?"

"देतात काकू. तोलून देतात."

"अन् भामाबाई कशी हाय?"

"आई गेली, काकू. चार वर्षं झाली."

मायच्या हातातले खडे हातातच राहिले. मग माझ्याकडं वळली. "मला खबर दिली न्हाईस. गावाच्या बातम्या देतो म्हनं ह्यो."

मला खरंच माहीत नव्हतं. पण वार्ताहरानं ही सबब सांगू नये.

दोघी आत बसल्या. चहा झाला. भामाबाईच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीचं बोलणं झालं. मग ज्योत्स्नानं गडवाचं काढलं. मी फरशीचे चौकोन बघत होतो. तिनं सुई कशी घालणार, छिद्र परत कसं बुजवणार, सगळं सांगितलं.

"पानी घेनार का?" मायनं विचारलं.

"पाण्याचा थेंब नको, काकू. वरची हवा. थोडीशी."

"हवाच ना?"

"हवाच."

माय म्हणाली, "घे मंग. हवेला काय कळतंय."

आणि उठली. गुडघ्यावर हात देत देवघरापर्यंत गेली, गडू खाली घेतला, पदरानं पुसला आणि ज्योत्स्नाच्या ओंजळीत दिला. ज्योत्स्ना बराच वेळ तो तसाच धरून बसली.

परतीच्या बसमध्ये म्हणाली, "लहानपणी ओटा ओलांडायची बंदी. आज एकदम गडवाच्या आत." आणि खिडकीबाहेर बघून हसली. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. अण्णांसाठी माय उठली नाही. यंत्रासाठी उठली.

२२ डिसेंबर, रविवार. अहमदपूर

हवा काढली. स्वैपाकघरातच. गडवाच्या गळ्याला ज्योत्स्नानं एक पकड बसवली, तिला रबराची गादी, गादीतून पोकळ सुई. पलीकडं स्टीलची नळकांडी. सुई तांब्यातून गेली तेव्हा टिचकी मारल्यासारखा आवाज आला. बाकी काही दिसलं नाही. हवेच्या कामात दिसायला काही नसतं, फोटोग्राफरची फार पंचाईत होते. मग छिद्रावर डाग.

"नीट मार बाई," माय म्हणाली. "सांडायचं न्हाई तर."

नंतर भाकरी, चटणी, वरण. ज्योत्स्ना आणि मी शाळेच्या वाटेवर विभक्त्या घोकत जायचो, ते निघालं. मी पंचमीला अडखळायचो, ती पुढून मान न वळवता दुरुस्त करायची. एसटी स्टँडजवळच्या थंड पेयाच्या दुकानात गावातला पहिला मोठा फ्रीज आला होता. मालकानं दार उघडलं की आम्ही दोघं पुढं जाऊन उभं राहायचो. पैसे नसत. पायांवर तो गार झोत आला की झालं.

"आपण दहावीत होतो," ती म्हणाली, "त्याच वर्षी दक्षिण ध्रुवावरच्या ओझोनचं जगाला कळलं. आपण फ्रीजपुढं उभे होतो."

तो फ्रीज कुठं असेल, मी विचारलं.

"भंगारात गेला असेल. नळी तोडली असेल कुणीतरी. वायू सुटला असेल."

"म्हणजे गेला."

"जातो कुठं? शंभरेक वर्षं टिकतो. आहे की वर."

जेवण झाल्यावर मी ओट्यावर जाऊन उगाच आकाशाकडं बघून आलो. आमचं ते दुकान, तो बाकडा, मालकाचं 'दार लावा रे पोरांनो'. सगळं मोडलं, आणि त्यातला गारवा आणणारा तेवढा वायू वर शिल्लक! ही आठवण जपायला आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. आकाशानं मात्र जपली, आणि बिल पाठवलं.

५ जानेवारी

ज्योत्स्नाचा निरोप नाही. यंत्रापुढं रांग आहे म्हणे.

१४ जानेवारी. संक्रांत

उमाआत्याचा लातूरहून फोन. आधी तिळगूळ घे गोड बोल, आणि लगेच —

"गडू टोचला म्हनं?"

बातमी लातूरपर्यंत पोचली. माझ्या पेपरपेक्षा वितरण चांगलं आहे.

"हवा घेतली आत्या, पाणी तसंच आहे."

"माझ्या भावाला थेंब भेटला न्हाई. अन् सुई घालायला दिला."

माझ्याच मनातलं बोलली.

१९ जानेवारी, रविवार. अहमदपूर

मायला ताप, छातीत कफ. डॉक्टर घरी येऊन सुई देऊन गेले. या वयात सांगता येत नाही, असं दारात सांगितलं, हळू आवाजात. मायला ऐकू येतं सगळं. "त्याला म्हनावं आत येऊन सांग," म्हणाली.

आत्याचा पुन्हा फोन. गडू हाताशी ठेवा.

२३ जानेवारी, गुरुवार. नांदेड

निकाल आला. दुपारी कार्यालयात होतो.

"दया, तुमचा गडू एकसष्टचा नाही."

मी म्हणालो, बुडाला कोरलंय.

"बूड असेल. हवा नाही. हवा त्र्याण्णवची आहे, फार तर चौऱ्याण्णव."

हवेचं साल कसं कळतं, तेही तिनं सांगितलं. फ्रीजचा वायू वर्षावर्षाला वाढत गेला, मग उतरायला लागला. म्हणजे एकाच आकड्याची दोन सालं निघू शकतात, एक चढतानाचं, एक उतरतानाचं. म्हणून दुसरा वायू बघायचा. विजेच्या मोठमोठ्या स्विचांत भरतात तो. तो नुसता चढतोच आहे. दोघांची साक्ष जुळली की साल ठरलं. आमच्या गडवात दोघांनी एकच सांगितलं.

"गळका असेल," मी म्हणालो.

"गळका असता तर आजची हवा निघाली असती. कुणीतरी उघडलाय, आणि परत नीट बंद केलाय."

एकसष्टची हवा हवी होती तिला. चौकट वाचून आलेले बहुतेक गडू गळके निघाले होते, आमच्यावर भिस्त होती. तरी तिनं आवाजात काही येऊ दिलं नाही. फोन ठेवल्यावर माझ्याच्यानं मोकाट जनावरांची बातमी पुरी झाली नाही.

२४ जानेवारी

त्र्याण्णव म्हणजे भूकंप. दुसरं काय आठवणार?

अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव झोपलं होतं. अहमदपुरात घरं पडली नाहीत, पण भिंती बोलल्या. सगळे अंगणात. माय सर्वांत शेवटी बाहेर आली, छातीशी गडू धरून. अण्णा तिथंच म्हणाले, आणि पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगत राहिले, "नवरा आत राहिला. गडू बाहेर आला." किल्लारीकडच्या बातम्या सकाळी यायला लागल्या आणि कुणालाच हसू आलं नाही. मी तेव्हा नवा वार्ताहर, तिकडंच गेलो. आमच्याकडचे लोक त्यानंतर महिनोन् महिने छताखाली निजले नाहीत. अंगणात पत्रे उभे केले होते. देव, भांडी, धान्य, गडू, सगळं बाहेर, खाटेखाली. त्या दिवसांत तो कुणीही उघडला असेल.

कुणीही म्हणजे अण्णांनी. दुसरा कुणी संभवत नाही. अण्णांना या गोष्टींची थट्टाच वाटायची. पाणी ते पाणी, म्हणायचे. उघडला असेल, बघितलं असेल, विहिरीचं भरून ठेवलं असेल आणि मनात हसले असतील. असं झालं असेल तर बरंच आहे. जे त्यांना मिळालं नाही ते त्यात नव्हतंच.

मायला हे कळता कामा नये. ती आजारी आहे, आणि त्या गडवाकडं डोळे लावून आहे.

२८ जानेवारी

ज्योत्स्ना म्हणते, काकूंना विचार. कुणी उघडला, कधी उघडला, हे कळलं तर तिची तारीख खरी की खोटी ते तपासता येईल. एवढा घट्ट बंद केलेला आणि साक्षीदार जिवंत असलेला गडू तिला दुसरा मिळायचा नाही.

"तुझ्या आलेखावर एक ठिपका येईल," मी म्हणालो, "आणि मायची गंगा आटेल."

"ठीक," ती म्हणाली. "ठिपका नको."

फोन ठेवता ठेवता मात्र म्हणाली, "पण अण्णांचं मला पटत नाही. चेष्टेखातर उघडणारा माणूस इतका काळजीनं बंद करून घेत नाही रे."

१ फेब्रुवारी, शनिवार

वरच्या मजल्यावर रेल्वेचे निवृत्त गार्ड राहतात. प्रयागच्या कुंभाहून आले. कॅन भरून गंगा आणली आणि घरोघर थंड पेयाच्या जुन्या बाटल्यांतून वाटली. आमच्याकडं लिंबाच्या सरबताची बाटली आली, लेबलसकट.

बाटली बघता बघता सुचलं. गडू नांदेडला आणायचा, भांडीवाल्याकडून डाग काढून घ्यायचा, आतलं पाणी फेकायचं, ही गंगा भरायची, पुन्हा डाग. मायला शेवटी मिळेल ती खरी मिळेल. तिला कळायचं कारण नाही. बायकोला सांगितलं. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "तुमचा चेहरा सांभाळा म्हणजे झालं."

२ फेब्रुवारी, रविवार. अहमदपूर

ताप उतरलाय. माय पडूनच आहे, पण बोलते.

"काय निघालं हवेत?"

"काही नाही. यंत्र बिघडलं."

"पुन्याचं?"

"हो."

"बरं," म्हणाली. डोळे मिटले.

तिचा डोळा लागला असं समजून गडू टॉवेलात गुंडाळला. पिशवीत घालतोय तोच —

"कुठं नेऊन राहिलास?"

"पॉलिशला."

"मी अशी निजलेली, अन् तुला पॉलिश सुचून राहिलं?"

गडू परत ठेवला. एसटी सोडली. आज इथंच राहतो. ती मघापासून माझ्याकडं बघतेय, आणि मी हे लिहितोय असं दाखवतोय.

३ फेब्रुवारी. अहमदपूर

सकाळी माय उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "त्यात गंगा न्हाई, दया."

भूकंपाच्या रात्री पळताना पायरीवर आपटला. डाग सुटला. सगळी अंगणात वाहून गेली. "उजाडलं तशा बाया पाया पडाया लागल्या. धोंडाबाईनं गंगा वाचिवली म्हनून. कुनाकुनाला सांगू? तुझ्या अण्णाला बी न्हाई सांगितलं. हापशाचं पानी भरलं अन् डाग मारून घेतला."

"मग अण्णांच्या वेळी तेच द्यायचं होतंस. कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं की. जाताना त्येंच्या तोंडात खोटी गंगा घालू का?"

थोड्या वेळानं म्हणाली, "मला बी नळाचंच दे. त्येंना दिलं तेच."

मी उठलो. नळाचा तांब्या भरून आणला.

"आत्ता कशाला? हाय की मी अजून."

माझ्यासाठी आणलाय, म्हटलं.